वरच्या आळीच्या टिकल्या

सांगलीला विश्रामबागेतल्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात मीटिंगला चाळीस आशाताई बसल्या होत्या आणि त्यातली एकटी राजेश्वरी टाळ्या वाजवत नव्हती. बाकीच्या वाजवत होत्या, कारण वीरधवल सरांनी वाजवायला सांगितलं होतं. हे वीरधवल सर पुण्यात शिकून आलेले. जिल्ह्यात कुठं किती आजार ते चित्रात दाखवायचं काम त्यांच्याकडं होतं. भिंतीवर सगळा सांगली जिल्हा उजळला होता, गावाला एकेक ठिपका. लाल ठिपका म्हणजे काविळीचे पेशंट लई, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे खुशाल झोपा. इस्लामपूरच्या पलीकडचं राजेश्वरीचं करंजवाट हिरवंगार होतं. नुसतं हिरवं नाही, वर्षभर एकही पेशंट नाही म्हणून त्याच्याभोवती बारकी चांदणीसुद्धा फिरत होती.

"करंजवाटच्या ताई कोण? उभ्या राहा. अभिनंदन!" सर म्हणाले.

राजेश्वरी उभी राहिली. अकरा वर्षं आशा म्हणून घरोघर हिंडलेली बाई, कुणाला कितवा महिना, कुणाच्या पोराला डोस राहिला, कुणाच्या सासूनं गोळ्या मोरीत ओतल्या, सगळं तिला तोंडपाठ. ती चांदणी बघून तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"सर, आमच्यात कार्तिकात रेश्मा वारली की. काविळीनं. आठवा लागला हुता तिला."

सरांनी लॅपटॉपवर बोटं चालवली. "आहे ना. पाटणला दाखवतंय."

"पाटण तिचं सासर हाय. बाळंतपणाला माहेरी आलती. आजारी पडली ती आमच्यात, गाडीत घातली ती मी."

"नोंद सासरच्या पत्त्यावर होते, ताई. कार्डावर जो पत्ता तोच धरायचा. आणि पाटण पडलं सातारा जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नकाशावर ती येणारच नाही." सर मनापासून समजावून सांगत होते. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट होतं. "खाली बसा तुम्ही. चहा येतोय."

चहा आला, बिस्किटं आली. शेजारची बाई चांदणीचा फोटो काढायला लागली. राजेश्वरीला त्या हिरव्या रंगाची किळस आली, साचल्या पाण्यावर शेवाळ दिसावं तशी. अरे, एक पोर पोटातल्या जिवासकट गेली आणि तुमचा ठिपका हिरवा? पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही काय आजची रीत आहे का? सातव्यात ओटी भरायची, लेक माहेरी आणायची, तिथं तिनं तीन-चार महिने राहायचं, तिथलंच खायचं, तिथलंच पाणी प्यायचं. आणि ती आजारी पडली की ह्यांनी तिला उचलून परत सासरी नेऊन टाकायची! ज्या गावचं पाणी महिनाभर तिच्या तोंडालाही लागलेलं नाही, त्या गावाच्या नावावर तिचा रोग. वा रे शिकलेली माणसं!

एस.टी.त बसली तरी तिचं तोंड चालूच होतं, मनातल्या मनात.

गावात उतरून ती वरच्या आळीला आली, तर पायगोंडा अण्णांच्या सोप्यात ही गडबड. अण्णांची प्रीती आठ दिवसांपूर्वी मिरजेहून बाळंतपणाला आली होती. तिला आठवा सुरू होता. पाय पसरून ती पाटावर बसली होती आणि तिची आई त्रिशलाकाकू नळाचं पाणी दुहेरी फडक्यातनं गाळून तिला तांब्यात देत होती. जैनांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, त्यामुळं आपलं पाणी गावात सगळ्यात चोख असं काकूंना वाटायचं.

"काकू, उकळून द्या," राजेश्वरी म्हणाली.

"गाळलंय की गं चांगलं."

"गाळून कचरा जातो. रोग न्हाई जात."

"तुमचं सरकारी आपलं काय बाई! कवाबी ये, उकळा, उकळा," काकू हसल्या. दिवाळीत त्यांना स्वतःलाच कावीळ झाली होती, झाडपाल्याचं औषध घेऊन महिन्यानं उठल्या होत्या, आणि ती दिवाळीचं तळकट बाधल्यामुळं झाली असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. प्रीतीनं तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा रिकामा केला. राजेश्वरीला तिच्या गळ्याकडं बघवेना. रेश्मा अशीच प्यायची. ह्या पोरीला काही व्हायच्या आत काहीतरी केलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तिच्या डायऱ्या काढल्या. सरकारी रजिस्टर वेगळं आणि तिची स्वतःची डायरी वेगळी. डायरीत सगळं असायचं: कोण माहेरी आलं, कोण इस्लामपूरला खासगी डॉक्टरकडं सलाईन लावून आलं, कोण कावीळ उतरवायला कुठल्या बाबाकडं गेलं. यातलं एकही माणूस सरांच्या भिंतीवर नव्हतं. खासगीत गेलेल्यांची नोंद खासगीतच राहिली आणि माहेरवाशिणींची सासरी गेली. मग गाव हिरवं राहील नाहीतर काय होईल?

पण हे सांगायचं कसं? आकडे वाचून दाखवले तर ग्रामसभेत पेंगतात लोक. ह्या गावाला वाचता येतो तो फ्लेक्स. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, कोण वर, कोण खाली कोपऱ्यात, एवढ्यावरनं कोण कुणाच्या गटात आणि कुणाचं वजन किती हे शेंबडं पोरगंही सांगतं. म्हणजे आकार लोकांना कळतो, जागा कळते. फक्त ती कळायला आपली माणसं पाहिजेत त्यात, ठिपके नकोत.

तिनं एक पांढरी चादर घेतली. निळीच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर गाव काढलं: मधला चौक, खालची आळी, वरची आळी, आणि घरं तर एकूण एक. चादरीच्या काठावर सासरची गावं लिहिली: पाटण, कऱ्हाड, मिरज, जत, चिकोडी. मग घरात होती नव्हती ती टिकल्यांची पाकिटं काढली. टिकल्यांना आकार असतातच. आठवडाभर पडलेल्याला बारकी टिकली, सलाईन लागलं त्याला मधली, महिनाभर उठला नाही त्याला रुपयाएवढी. माहेरवाशिणीची टिकली लावायची ती ती जिथं पाणी प्यायली त्या घरावर, आणि तिच्या सासरच्या गावापासून तिथवर लोकरीचा लाल धागा शिवायचा. बापयांनाही टिकल्याच, त्यांना काय वेगळं आणायचं! रेश्माला काळी लावली. ती टिकली वाकडी बसली. मग ती तशीच राहू दिली.

तेवीस टिकल्या झाल्या. तिनं चादर भिंतीला लावली, चार पावलं मागं सरली आणि आळीवार टिकल्या मोजायला लागली.

तेवीसातल्या एकवीस वरच्या आळीत. खालच्या आळीत एक, चौकात एक, बस्स. पाटणचा धागा, कऱ्हाडचा धागा, जतचा, चिकोडीचा, सगळे चारी बाजूंनी येऊन त्याच सोळा घरांच्या बोळात घुसत होते. डायरीत ही सगळी नावं तिनंच लिहिलेली, पण एकाखाली एक. एकाखाली एक लिहिलं की रोज एकच माणूस दिसतं. चादरीवर सगळी एकदम दिसली.

सकाळी सहाला ती नळाला पाणी सोडणाऱ्या नाथाजीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "नाथाजी, वरच्या आळीचा पाईप कुटनं जातो?"

"गटारातनं," तो म्हणाला.

"गटारातनं?"

"आवं, आधी पाईप हुताच. त्येच्यावर मागनं गटार बांधलं न्हवं का विश्वजीतनं, दोन वर्सं झाली." विश्वजीत म्हणजे गावचे कारभारी लालासाहेब यांचा पुतण्या, गावातली सगळी कंत्राटं त्याचीच. "चर मारताना पाईप फुटला. नवा टाकायचा तर गटार परत उकरायला लागतंय. मग म्हनला, बांद ट्यूब."

"कसली ट्यूब?"

"सायकलीची. लय घट बांदलीया."

सात वाजता पाणी गेल्यावर त्यानं पहार घालून गटारावरची फरशी उचलली. वास असा काही वर आला की राजेश्वरीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. काळं, दाट, वर पिवळट फेसाची साय. सगळ्या आळीच्या संडासांचं पाणी त्यात सुटलेलं. त्यात पोरांचे लंगोट, कोंबडीची पिसं आणि आणखी जे काय होतं त्याचं नाव ती घेणार नाही. आणि ह्या सगळ्याच्या पोटातनं तो पाण्याचा पाईप जात होता, काळ्या ट्यूबेचं फडकं गुंडाळलेला. नळ बंद झाला की रिकामा पाईप पाणी मागं ओढतो. ती बघत होती तोवर ट्यूबेच्या कडेनं तो फेस गोल फिरायला लागला, आणि चुळुकचुळुक करत आत शोषला जाऊ लागला. लहान पोर नळीनं पितं तसा आवाज. ते सगळं आत जात होतं, आणि उद्या सकाळी सहाला त्रिशलाकाकूंच्या दुहेरी फडक्यातनं गाळून प्रीतीच्या तांब्यात येणार होतं.

राजेश्वरी तिथंच कडेला बसून भडाभडा ओकली.

"तुला ठावं हुतं?" तोंड पुसून तिनं विचारलं.

"समद्यास्नी ठावं हाय," नाथाजी फरशी बसवत म्हणाला. "मी खालच्या आळीत ऱ्हातो."

लालासाहेबांच्या अंगणात ती गेली तेव्हा ते पेपर वाचत होते. सरपंच त्यांची बायको शालूबाई. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून त्या सरपंच. सही त्यांची, बाकी सगळं लालासाहेबांचं. राजेश्वरीनं चादरीवरच्या टिकल्यांचं, गटारातलं सगळं सांगितलं. लालासाहेबांनी पेपर खाली ठेवला नाही.

"वर जिल्ह्याला काय दाखवतंय आपलं गाव?"

"हिरवं."

"मग? सरकार हिरवं म्हणतंय आणि तू टिकल्या लावत बसलीयास. पोटुशा बायकांत भ्या पसरवायचं काम दिलंय व्हय तुला? उद्या सव्वीस जानेवारीची ग्रामसभा हाय, काय बोलायचं ते तितं बोल. आणि बोलायच्या आधी तुझ्या कामाचं काय हुईल त्येचाबी इचार कर."

पेपरचं पान उलटलं. बोटाला थुंकी लावून उलटलं, आणि राजेश्वरीला त्या थुंकीची, त्या बोटाची, त्या माणसाची अशी शिसारी आली की तिचं भ्यायचं राहूनच गेलं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर ग्रामपंचायतीसमोर सभा बसली. राजेश्वरीनं नोटीस बोर्डावर चादर टांगली आणि बाजूला उभी राहिली. भाषण केलं नाही. बारक्या टिकलीला काय म्हणायचं, मोठीला काय म्हणायचं, धागा कशाचा, एवढंच सांगितलं.

आधी बायका उठल्या. त्यांना टिकल्या लांबनंच ओळखू आल्या. "ही मी!" एकीनं बोट लावलं. "हे बघ, आमच्या सुमीचा धागा, जतपासनं आलाय." "आगं, मधली का लावलीस मला? मी महिनाभर पडून हुते की, बदल ती!" हशा पिकला. लोक आपापलं घर शोधू लागले. वरच्या आळीतल्या माणसांचा हशा मात्र हळूहळू बंद झाला, कारण त्यांना स्वतःचं घर सापडलं की शेजारचंही दिसत होतं. पायगोंडा अण्णा चष्मा वर करून बघत होते. आपल्या घरावरच्या टिकलीवरनं त्यांचं बोट शेजारच्या घरावर गेलं, तिथनं पलीकडं.

रेश्माची आई बायाक्का काळ्या टिकलीसमोर उभी राहिली. तिनं पाटणपासून आलेला धागा बोटानं शेवटपर्यंत चाचपला आणि तिथंच हात ठेवून थांबली.

मग राजेश्वरीनं गटाराचं सांगितलं. ट्यूबेचं सांगितलं. "आज ह्या आळीत प्रीती हाय, आठवा लागलाय तिला. पोटुशीला ही कावीळ झाली तर ती रेश्मासारखी जाती. पाणी आजच्या आज बंद करा."

आणि खरं सांगायचं तर एवढं ऐकूनही कुणी उठलं नाही. कुणी नाक दाबलं, कुणी "शी!" म्हणालं, दोघं खाली बघून थुंकले. विश्वजीत मोबाईल बघत होता. "पाईप जुना हाय, बघू, ठराव करू," लालासाहेब म्हणाले, आणि माना हलायलाही लागल्या. राजेश्वरीला वाटलं, आता परत ओकारी येणार, ह्या सगळ्यांच्या अंगावर.

तेवढ्यात पायगोंडा अण्णांनी चादरीवरनं बोट न काढता विचारलं, "लालासाहेब, आळीच्या अगदी मधी तुमचं घर. डाव्या अंगाला टिकल्या, उजव्या अंगाला टिकल्या. तुमच्या घरावर एकबी कशी न्हाई?"

"देवाची कृपा," लालासाहेब म्हणाले.

"आमी जारचं पाणी पितो," शालूबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवर बसल्या जागेवरनंच, हळू आवाजात बोलल्या. सरपंच झाल्यापासून सभेत पहिल्यांदाच. "गटार झाल्यापासनं. ह्यांनीच सांगितलं हुतं, नळाचं प्यायचं न्हाई म्हणून. इस्लामपूरसनं येतात जार, मागल्या दारानं."

झालं! जे गाव रेश्मासाठी उठलं नाही, प्रीतीसाठी उठलं नाही, ते ह्यांच्या घरी मागल्या दारानं जार येतात म्हटल्यावर मधमाश्या उठाव्यात तसं उठलं. "म्हंजे तुमास्नी ठावं हुतं!" "आमी मुताचं पाणी प्यायचं आन् तुमी जारचं!" खुर्च्या पडल्या, विश्वजीत कधी पळाला कुणाला कळलं नाही. शालूबाईंनी त्या गोंधळातच वही ओढली आणि लालासाहेबांकडं न बघता ठराव लिहून सही केली: वरच्या आळीचा पाईप आजपासून बंद, नवा पाईप टाकेपर्यंत टँकर. नाथाजी चावी घेऊन धावला. पायगोंडा अण्णा तर सभा सोडून घरीच गेले, प्रीतीला मिरजेच्या दवाखान्यात तपासायला न्यायला.

राजेश्वरी चादर काढायला लागली. काम झालं होतं. तरीही तोंडाची चव कडूच होती. ह्या माणसांना मेलेली पोर दिसत नाही, दुसऱ्याचा जार दिसतो, असं तिला वाटत होतं. लालासाहेब तिच्या शेजारून निघाले होते. त्यांचा फेटा सुटला होता आणि तोंड लाल झालं होतं. जाता जाता ते चादरीपाशी थांबले. गावात कुणाचं घर कुठं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"एकच घर दिसलं व्हय रं तुमास्नी?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले आणि आळीच्या कोपऱ्यावर बोट आपटलं. "सोळा घरं हायत. दोन बिनटिकलीची हायत. हे कुनाचं?"

सगळे वळले. ते घर राजेश्वरीचं होतं.

तिनं ते स्वतःच्या हातानं काढलं होतं, खिडकीसकट. पण त्याच्याकडं बघितलं नव्हतं. आपल्या घरात कुणी आजारी नाही, मग बघायचं काय?

"तूबी जार आनतीस?" बायाक्कानं विचारलं. तिचा हात अजून काळ्या टिकलीवर होता.

"न्हाई. आमी उकळून पितो."

"कवापासनं?"

खोटं सांगता आलं असतं. श्रावणात आळीत तिघं पिवळे झाले, नळाला वास आला, तेव्हाच तिनं घरात पातेलं चढवलं होतं. बाहेर मात्र तिनं तेच सांगितलं जे दर पावसाळ्यात सांगायची, पत्रकातलं, उकळा, उकळा. पाण्यात घाण आहे असं नाव घेऊन कुणालाच सांगितलं नव्हतं. गटाराचा नुसता संशय होता, पण गटार विश्वजीतचं होतं आणि लालासाहेबांशी वाकडं कोण घेणार?

"श्रावणापासनं," ती म्हणाली.

बायाक्कानं मान हलवली. रागानं नाही, हिशेब जुळावा तशी.

"रेश्मा दसऱ्याला आलती," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी तू आलीस तिची नोंद घ्यायला. मी पाण्याचा तांब्या भरून दिला तर तू म्हनलीस, पाणी नगो मावशी, च्या चालंल."